लेबल कापलेला शर्ट

कपाटातून एक साधा शर्ट काढा. साधा म्हणजे ज्यावर अक्षरं नाहीत, चित्र नाही, खिशावर मगर किंवा घोडा नाही. पांढरा असला तर उत्तम, फिका निळाही चालेल. पुष्कळ वापरलेला असावा, आणि तरीही टाकून द्यायला हात न धजावलेला. तो मांडीवर घ्या. थोडा वेळ दुसरं काही करायचं नाही.

डोळ्यांच्या आधी बोटांनी बघा. खांद्याची शिवण चाचपा. कॉलर जिथं मानेला घासते तिथं सूत विरलं असेल, ती जागा मऊ लागेल. बटणपट्टीच्या आतून बोट फिरवा. टीप एकेरी आहे की दुहेरी, काजाच्या कडेचा धागा धरून आहे की सुटत चाललाय, ते कळेल. कापड दोन बोटांत चिमटून सोडा. आता स्वतःला विचारा: हा शर्ट घेतला तेव्हा मी नेमकं काय विकत घेतलं? कापड घेतलंच, शिलाई घेतली. पण त्या पैशात आणखीही काही होतं, म्हणून तर शेजारच्या दुकानातला तसाच दिसणारा शर्ट सोडून हा घेतला. ते काय होतं? उत्तर लगेच नको.

मला हा प्रश्न गॅपमुळे पडला. अमेरिकेतली ही कपड्यांच्या दुकानांची साखळी गेली वीसेक वर्षं आपण कोण आहोत हे ठरवायला धडपडते आहे. धंद्यातले जाणकार तिच्या ताळेबंदावर लिहितात, शेअरच्या भावावर लिहितात. मी नुसती गिऱ्हाईक. पण ट्रायल रूमच्या आतून हीच गोष्ट वेगळी दिसते, आणि मला ती महत्त्वाची वाटते, कारण दुकान स्वतःला हरवून बसतं तेव्हा गिऱ्हाइकाचंही काहीतरी हरवतं. शर्ट मांडीवरच राहू द्या. सावकाश जाऊ.

सुरुवात न बसणाऱ्या पँटीपासून झाली. सॅन फ्रान्सिस्कोत डोनाल्ड फिशर नावाचे गृहस्थ होते, जागा-इमारतींचा व्यवसाय करणारे. त्यांनी घेतलेली लीव्हाइसची जीन्स मापाला बसेना, आणि बदलून हवं ते माप मिळेना. जीन्स जागोजागी होती, सगळी मापं एका जागी कुठंच नव्हती. 1969 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डोरिस यांनी ओशन अव्हेन्यूवर एक दुकान काढलं. आत लीव्हाइसच्या जीन्स, आणि तरुण मुलांचे पाय वळावेत म्हणून गाण्यांच्या रेकॉर्ड आणि टेप. नाव डोरिसबाईंनी सुचवलं, त्या काळी सगळ्यांच्या तोंडी असलेल्या दोन पिढ्यांमधल्या अंतरावरून.

त्या रस्त्यावरून आजही के लाइनची ट्राम धावते. मी कॅलिफोर्नियात राहते, त्यामुळे कधीमधी तिकडे जाणं होतं, आणि दर वेळी मला त्या दुकानाचा पहिला दिवस मनाशी उभा करावासा वाटतो. तुम्हीही करा. आत शिरणाऱ्या माणसाला त्या दुकानानं काय सांगितलं असेल? ‘आम्ही भारी आहोत’ असं नाही. ‘तुमचं माप इथं आहे’ एवढंच. त्या वाक्यात दुकानाबद्दल जवळपास काहीच नाही, सगळं समोरच्या माणसाबद्दल आहे. ते मनात जरा घोळू द्या. पुढं जे जे झालं ते या वाक्यापासून दूर जाण्याची गोष्ट आहे असं मला वाटतं.

लगेच दूर गेलं नाही मात्र. उलट मधली काही वर्षं ते वाक्य फार सुंदर रीतीनं पाळलं गेलं. 1983 मध्ये मिलर्ड ड्रेक्सलर, ज्यांना सगळे मिकी म्हणत, दुकानाचा कारभार बघायला आले. तोवर तिथं नाना कंपन्यांचा माल होता. ड्रेक्सलरनी हळूहळू तो कमी केला आणि गॅपच्या स्वतःच्या कपड्यांवर भर दिला. 1991 मध्ये तर ज्या लीव्हाइसच्या जीन्सपायी दुकान निघालं तीही बंद झाली. राहिलं ते साधं सुती: खिशाचा टी-शर्ट, खाकी पँट, पांढरा शर्ट, निळी जीन्स. स्वच्छ भिंती, भरपूर उजेड, टेबलांवर काटेकोर घड्या. एकच टी-शर्ट रंगांच्या उतरत्या रांगेत लावलेला, अगदी फिक्यापासून गडदापर्यंत.

मी या देशात आले ती नव्वदीच्या दशकात. बॅगेत सलवार-कमीज होते, आणि पुण्यात लक्ष्मी रोडला कापड घेऊन शिंप्याकडून शिवून घेतलेल्या दोन पँटी. आमच्या शिंपीकाकांची एक लांबट वही होती. तिच्यात घरातल्या सगळ्यांची मापं होती, आईचं पान, माझं पान, आजोबांच्या बंडीचं पान. टेप गळ्यात अडकवून ते विचारायचे, ‘बाही मागच्यासारखीच ठेवू ना?’ मागच्या वेळची बाही त्यांच्या लक्षात असायची. इथं आल्यावर मला कळेना की माझी बाही कुणाच्या लक्षात आहे. नव्या देशात प्रत्येक कपडा आपल्याला काहीतरी विचारतो. हा घातला तर लोक काय समजतील? तो घातला तर फारच त्यांच्यासारखं व्हायला बघतेय असं दिसेल का? ऑफिसात कुर्ता चालेल का, आणि चालत असेल तर मीटिंगच्या दिवशीही चालेल का?

गॅपमधल्या त्या पांढऱ्या शर्टानं मला काहीही विचारलं नाही. ट्रायल रूममध्ये घातला, आरशात बघितलं, आणि समोर मीच होते. अमेरिकन झालेली मी नाही, गावाकडून आलेली मीही नाही. शर्ट मागं उभा होता आणि मी पुढं. आज विचार करते तेव्हा वाटतं, त्या दुकानाची ओळख हीच होती की ते स्वतःची ओळख तुमच्या अंगावर लादत नव्हतं.

हे एकट्या मलाच वाटत नव्हतं. 1992 मध्ये व्होग मासिकानं आपल्या शतकपूर्तीच्या अंकासाठी दहा नामांकित मॉडेल एका मुखपृष्ठावर घेतल्या आणि सगळ्यांना गॅपचे पांढरे शर्ट आणि पांढऱ्या जीन्स घातल्या. पॅट्रिक डेमार्शेलिए यांनी काढलेलं ते छायाचित्र बघा कधीतरी: दहाही चेहरे वेगळे ठळकपणे दिसतात, कारण कपडा सगळ्यांचा एकच आहे. आणि 1996 मध्ये शॅरन स्टोन ऑस्करच्या सोहळ्याला गेली ती गॅपचा उंच गळ्याचा काळा टी-शर्ट घालून. कुठल्याही मॉलमध्ये विद्यार्थिनीला परवडेल असा तो कपडा होता. त्या संध्याकाळी लोकांच्या लक्षात राहिली ती शॅरन स्टोन.

इथं जरा थांबा. मांडीवरच्या शर्टाकडे बघा आणि आठवा, तो घालून तुम्ही कुठं कुठं गेलात. मुलाखत, बँक, दवाखाना, कुणाचं बारसं. त्या दिवशी तुम्ही कसे होता ते आठवेल. शर्ट कसा दिसत होता ते बहुधा आठवणार नाही. ज्या शर्टाच्या बाबतीत असं होतं, त्यानं आपलं काम केलेलं असतं.

आता यातली गुंतागुंत. आम्ही महाराष्ट्रात सुट्टीवर यायचो तेव्हा बॅगा भरून काय आणायचो? चॉकलेटं, बदाम, परफ्यूम, आणि छातीवर मोठ्या अक्षरांत गॅप लिहिलेले स्वेटशर्ट. करड्या नाहीतर गडद निळ्या रंगाचे. पुण्याच्या डिसेंबरात कॉलेजला जाताना ते घालायला भावंडांत चढाओढ लागायची. ज्या दुकानाची सगळी थोरवी न बोलण्यात होती, त्याचा सर्वांत बोलका कपडा आम्ही घरी नेला, कारण आम्हाला तिथं बोलकाच हवा होता. घरातलं कुणीतरी अमेरिकेत आहे हे कॉलेजच्या कट्ट्याला कळायला हवं होतं. यात गैर काही नाही. तरुण मुलांना आपण कुठून आलो, कुणाचे आहोत हे दाखवायचं असतंच. पण कपड्याकडून माणसाला दोन विरुद्ध गोष्टी हव्या असतात हे इथं दिसतं. कधी आपल्यावर नजर ठरू नये असं वाटतं, कधी ठरावी असं वाटतं. आणि एकाच दुकानाला दोन्ही पुरवावं लागतं.

स्वतःला विचारून बघा: आज अंगावर जे आहे ते यातल्या कुठल्या इच्छेनं घेतलं होतं?

पुढची गोष्ट भराभर सांगते, कारण तिच्यात नावं पुष्कळ आहेत आणि ठहराव कुठंच नाही. 1994 मध्ये याच कंपनीनं ओल्ड नेव्ही नावाची स्वस्त दुकानं काढली. ती इतकी चालली की चार वर्षांच्या आत त्यांची वर्षाची विक्री एक अब्ज डॉलरवर गेली. धाकट्या भावंडाकडे तसाच टी-शर्ट कमी पैशांत मिळू लागल्यावर थोरल्याकडे का जायचं, हा प्रश्न गिऱ्हाइकाला पडणारच. वरच्या बाजूला त्याच कंपनीचं बनाना रिपब्लिक होतं. थोरलं दुकान मधे अडकलं. बाहेरून स्पेनची झारा आणि स्वीडनची एच अँड एम आली, दर काही आठवड्यांनी नवा माल घेऊन. गॅपनं तरुणांच्या मागं धावायचा प्रयत्न केला, तेव्हा जुनी गिऱ्हाइकं बिचकली, म्हणून ते पुन्हा मागं फिरलं. आधीपासून चालू असलेल्या दुकानांतली विक्री सलग दोन वर्षं घसरल्यावर 2002 मध्ये ड्रेक्सलर बाहेर पडले.

त्यांच्या जागी डिस्नेतून पॉल प्रेसलर आले. मग कॅनडातल्या औषधांच्या दुकानांची साखळी चालवणारे ग्लेन मर्फी. मग आर्ट पेक. 2015 च्या सुरुवातीला गॅपच्या मुख्य डिझायनरचं पदच काढून टाकण्यात आलं. त्याच वर्षी उत्तर अमेरिकेतली गॅपची 175 दुकानं बंद करायचं जाहीर झालं. 2020 मध्ये भारतात जन्मलेल्या सोनिया सिंगल सूत्रं हाती घेऊन आल्या, आणि त्या वर्षी आणखी साडेतीनशे दुकानं मिटवायची योजना निघाली, गॅप आणि बनाना रिपब्लिक मिळून. 2021 मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडमधली एकूण एक दुकानं बंद झाली. कान्ये वेस्टबरोबर दहा वर्षांचा करार झाला होता, तो 2022 मध्ये, दोनच वर्षांत, मोडला.

या सगळ्यात मला एकच प्रसंग थांबून बघावासा वाटतो. 2010 च्या ऑक्टोबरमध्ये गॅपनं आपलं बोधचिन्ह बदललं. गडद निळ्या चौकोनात उंच, सडपातळ पांढरी अक्षरं असं जुनं चिन्ह होतं. ते जाऊन पांढऱ्यावर साधी काळी अक्षरं आली आणि शेवटच्या अक्षराच्या खांद्यावर एक छोटा निळा चौकोन. लोकांनी इतकी ओरड केली की आठवडाभरात जुनं चिन्ह परत आणावं लागलं. तज्ज्ञांनी त्यावर खूप लिहिलं, बहुतेकांनी चित्राच्या बाजूनं लिहिलं: अक्षरं कशी बेताची होती, चौकोन कसा चिकटवल्यासारखा वाटत होता.

माझ्या मते चित्र गौण होतं. ज्यांच्याकडे लोक येईनासे झाले होते, त्यांनी दारावरची पाटी बदलली आणि लोकांचं मत मागितलं. ओरड सुरू झाल्यावर कंपनीनं आधी असंही म्हटलं की तुम्हीच नवी चित्रं काढून पाठवा. पंगतीत वाढणाऱ्यानं दर घासाला ‘कशी झालीय भाजी?’ विचारलं तर चांगली भाजीही घशाखाली उतरत नाही. ज्या दुकानात आपण यासाठी जायचो की तिथं आपल्याला कुणी काही विचारत नाही, ते दुकान आता आपल्यालाच विचारत होतं: मी कोण आहे, सांगा ना.

यावर थोडा वेळ घालवा. दुकान सोडा, माणसाचं बघा. आपल्या ओळखीत कुणीतरी असं असतं की ज्याच्याजवळ बसलं की बरं वाटतं, कारण त्याला आपल्याकडून कौतुक नको असतं. काही वर्षांनी तेच माणूस हरतं, घाबरतं, आणि भेटीगणिक आपल्याकडून स्वतःबद्दल खात्री करून घेऊ लागतं. आपला जीव त्याच्यासाठी तुटतो, पण त्याच्याजवळ जाऊन बसणं कमी होतं. गॅपबद्दल मला वाटत आलेलं दुःख या जातीचं आहे. राग कधी आला नाही.

आता किंमत. मांडीवरच्या शर्टाची किंमत आठवते का? बहुतेक दोन आकडे आठवतील: चिठ्ठीवर छापलेला आणि प्रत्यक्ष दिलेला. यातली खरी किंमत कुठली?

आपल्याकडे आषाढात साड्यांचे सेल लागतात. त्याला कारण असतं. लग्नसराई संपलेली असते, श्रावण यायचा असतो, दुकानात राहिलेला माल हलवायचा असतो. सेल संपला की भाव पूर्वपदावर येतो, आणि गिऱ्हाइकालाही तो रास्त वाटतो, कारण मधल्या सवलतीचं कारण त्याला कळलेलं असतं. अमेरिकेतल्या मॉलमधल्या साखळ्यांची सवलत 2008 च्या मंदीनंतर बारमाही झाली. गॅपची तर त्यासाठी धंद्याच्या वर्तुळात उघड चर्चा होत असे. खिडकीत चाळीस टक्के, ई-मेलमध्ये वर आणखी दहा, दुसरी वस्तू अर्ध्या किमतीत. विक्री वाढते, तिमाहीचे आकडे सावरतात. पण रोज सवलत देणारं दुकान गिऱ्हाइकाला रोज एक गोष्ट शिकवत असतं: आम्ही छापलेल्या किमतीवर आमचाच विश्वास नाही, तुम्हीही ठेवू नका.

आपण ते पटकन शिकतो. मग पूर्ण पैसे देणारा मूर्ख ठरतो. ज्यानं वाट बघितली नाही, ज्याला उद्याच मुलाखतीसाठी शर्ट हवा होता, त्याला शिक्षा होते, आणि जो तीन आठवडे थांबला त्याला बक्षीस. गरज असलेल्याला महाग आणि फुरसत असलेल्याला स्वस्त, अशी ही व्यवस्था आहे, आणि मला ती अन्यायाची वाटते. पहिल्या दुकानानं ‘तुमचं माप इथं आहे’ म्हणून गरज असलेल्या माणसालाच तर हाक मारली होती.

शिवाय किंमत कमी करून उरायचं तर कुठूनतरी कापावं लागतं. कापड पातळ होतं, शिवणीतली जास्तीची माया कमी होते, दुहेरी टीप एकेरी होते, अस्तर जातं. एका साखळी दुकानात, त्याचं नाव इथं घेत नाही, मी एकाच टेबलावरच्या, एकाच मापाच्या दोन पँटी घालून बघितल्या होत्या. एक कमरेला सैल, दुसरीचं बटण लागेना. दोन्हींवर आकडा एकच, आत शिवणाऱ्या देशाचं नाव वेगळं. काउंटरवरच्या मुलीनं अगदी आपुलकीनं सांगितलं की दोन्ही घेऊन जा, न बसेल ती परत करा. तिचा दोष नव्हताच. पण तेव्हा मला शिंपीकाकांची वही आठवली आणि साखळी दुकानाचा मूळ करार लक्षात आला. वही गेली, शिंपी गेला, तुमचं माप लक्षात ठेवणारा माणूस गेला. त्याच्या बदल्यात दुकानानं तुम्हाला एक आकडा दिला आणि सांगितलं, हा तुम्ही लक्षात ठेवा, त्याचा अर्थ आम्ही बदलू देणार नाही. कुठल्याही गावात, कुठल्याही वर्षी, आमच्याकडे या आकड्यात तुम्ही बसाल. साध्या कपड्यांच्या दुकानाजवळ देण्यासारखं याहून मोठं दुसरं काही नाही. बोधचिन्ह बदलल्यावर लोक ओरडतात. हा आकडा हलतो तेव्हा कुणी ओरडत नाही, माणसं नुसती येईनाशी होतात.

आता या मननातला मुख्य भाग. कॉलरच्या मागं लेबल असेल. ते नाही असं समजा.

मुंबईत आझाद मैदानाजवळच्या फॅशन स्ट्रीटवर ज्यांनी कपडे घेतलेत त्यांना हे समजायला कठीण नाही. तिरुपूर, बंगळूरच्या कारखान्यांतून परदेशी जाणाऱ्या मालातला उरलेला भाग तिथं यायचा, आणि त्याचं लेबल मधोमध कापलेलं किंवा काळ्या मार्करनं खोडलेलं असायचं. सराईत गिऱ्हाईक लेबलाकडे बघायचंच नाही. शर्ट उलटा करायचं, बगलेतली शिवण बघायचं, बटण दोन बोटांत धरून ओढायचं, कापड उजेडापुढं धरायचं, आणि सांगायचं की हा अमक्या कंपनीचा. बरेचदा ते खरं असायचं. विकणाऱ्यालाही ठाऊक असायचं, म्हणून तो भावात हटायचा नाही.

तशा नजरेनं मांडीवरचा शर्ट बघा. नाव काढून घेतल्यावर तो कुणाचा आहे हे सांगता येईल असं त्यात काही उरतं का? खांद्याचा उतार, कॉलरची ताठ बैठक, धुतल्यावर येणारा मऊपणा? जे उरतं ती त्या दुकानाची ओळख. जे लेबलाबरोबर जातं ते जाहिरातीचं होतं. मला वाटतं गॅपच्या वरच्या मजल्यावर बसलेल्या हुशार लोकांनी इतक्या वर्षांत लेबलाच्या बाजूनं फार विचार केला, शिवणीच्या बाजूनं कमी. चिन्ह कोणतं, चेहरा कोणाचा, गाणं कोणतं. 

आणि शिवण म्हटली की शिवणारे हातही आलेच. तुमच्या शर्टाच्या बगलेतली टीप कुणीतरी यंत्रावर वाकून घातली आहे. 2007 च्या ऑक्टोबरमध्ये एका ब्रिटिश वर्तमानपत्रानं दिल्लीतल्या एका कामाच्या जागी लहान मुलं गॅपच्या मुलांच्या विभागासाठी कपडे शिवताना दाखवली. कंपनीनं ते काम थांबवलं आणि तो माल विकणार नाही असं जाहीर केलं. हे मी खटला भरायला सांगत नाही. गिऱ्हाईक म्हणून बसलेय तर बटणपट्टीवरून बोट फिरवताना हाही विचार यायला हवा, म्हणून. चाळीस टक्के कुठून तरी येतात. त्या शिवणाऱ्या मुलीशी दुकानाचा करार काय आहे, तोही ओळखीचाच भाग आहे, मग तो खिडकीत लावलेला असो की नसो. हा विचार जड वाटला तर वाटू द्या, झटकू नका.

मग गॅपचं पुढं काय? 2023 च्या ऑगस्टमध्ये रिचर्ड डिकसन मुख्याधिकारी म्हणून आले. बार्बी बाहुलीला पुन्हा उभारी देण्यात ज्यांचा मोठा वाटा होता तेच हे. 2024 मध्ये झॅक पोझेन या डिझायनरला त्यांनी आणलं, म्हणजे कपड्याबद्दल बोलणारा माणूस पुन्हा वरच्या टेबलाशी बसला. त्या वर्षी अ‍ॅन हॅथवेनं एका समारंभात पोझेननी बेतलेला गॅपचा पांढरा शर्टड्रेस घातला, आणि त्याची दुकानातली आवृत्ती हातोहात संपली. पुन्हा पांढरा शर्टच, हे मला फार आशेचं वाटलं. 2025 च्या उन्हाळ्यात कॅट्सआय या मुलींच्या गटानं जीन्स घालून नाचलेली जाहिरात जगभर बघितली गेली. 1998 मध्ये खाकी पँटी घालून नाचणाऱ्या तरुणांची जाहिरात अशीच गाजली होती. कंपनीची एकूण विक्री वर्षाला सुमारे 15 अब्ज डॉलर आहे, त्यात निम्म्याहून जास्त ओल्ड नेव्हीची, आणि गॅप या नावाची साडेतीन अब्जांच्या आसपास. म्हणजे मूळ दुकान आपल्याच घरात लहान झालेलं आहे. ते वाईटच असं मी मानत नाही. लहान दुकानाला गिऱ्हाइकाचा खांदा लक्षात ठेवणं सोपं जातं.

नाच बघून माझाही पाय थिरकला. पण नाचानं माणूस दारापर्यंत येतं. आत आल्यावर घडी उलगडली जाते, आणि पुढच्या वर्षी त्याच आकड्यात तोच खांदा बसतो की नाही हे बघितलं जातं. जपानच्या युनिक्लोनं नेमकं तेच धरून ठेवलं. हिरोशिमात 1984 मध्ये तिचं पहिलं दुकान निघालं, गॅपकडून ती पुष्कळ शिकली, आणि साधा कपडा दर वर्षी थोडा सुधारत तसाच ठेवण्याची चिकाटी तिनं सोडली नाही.

मुंबईकरांना आता दोन्ही शेजारी ठेवून बघता येतात. गॅप भारतात पहिल्यांदा 2015 मध्ये दिल्लीत साकेतला आलं, अरविंद कंपनीबरोबर. ते जमलं नाही, 2020 मध्ये गाशा गुंडाळावा लागला. मग रिलायन्सबरोबर पुन्हा येऊन 2023 च्या फेब्रुवारीत मालाडच्या इन्फिनिटी मॉलमध्ये दुकान उघडलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुर्ल्याच्या फिनिक्समध्ये युनिक्लो आलं.

माझी भाची मालाडला राहते, नोकरीला लागून वर्षही झालं नाही. स्वेटशर्टची चढाओढ तिच्या आईच्या वेळची. तिच्यापुढं फोनवर शंभर दुकानं आहेत आणि गॅप त्यातलं एक. तिला ऑफिससाठी पांढरा शर्ट हवा आहे. डिसेंबरात मी येईन तेव्हा बरोबर जायचं ठरलंय. ती म्हणते, ‘मावशी, थोडं थांबू, जानेवारीत सेल लागतो.’ मी तिला सांगितलंय की आपण सेलच्या आधी जाऊ. मला त्या शर्टाची छापलेली किंमत वाचायची आहे, शर्ट उलटा करून बघायचा आहे, आणि तेवढे पैसे मोजायला मन तयार होतंय का ते तिथं उभं राहून तपासायचं आहे. झालं तर पूर्ण पैसे देऊन घेऊ. नाही झालं तर कुर्ला लांब नाही.